औषध लागू पडलं, हे कशावरून?

भाताची लावणी सुरू झाली की शहापूर-मुरबाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. चिखलात उघडे पाय, बांधावरचं गवत, रात्री जमिनीवर अंथरूण. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप कोकणात आहेत. यावर औषध एकच, प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन. दवाखान्यात त्याला सगळे एएसव्ही म्हणतात. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने रुग्णालयातल्या काही वर्षांच्या नोंदी घेऊन तक्ता मांडला: कुणाला किती व्हायल दिल्या आणि त्यातलं कोण वाचलं. त्यात बहुधा असं दिसेल की जास्त व्हायल मिळालेल्यांमध्ये मृत्यू जास्त आहेत. मग काय, औषधाने माणसं दगावली? तसं नाही. ज्याच्या अंगात विष जास्त भिनलं होतं त्यालाच डॉक्टरांनी जास्त व्हायल दिल्या. मृत्यूचं नातं त्या विषाच्या जोराशी आहे, औषधाशी नाही. तक्त्यातला एकेक आकडा खरा असू शकतो आणि तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा असू शकतो.

या गुंत्यातून वाट काढणं हेच ज्यांचं काम, त्या संशोधकांच्या शास्त्राचं नाव फार्माकोएपिडेमिऑलॉजी. औषध बाजारात आल्यावर हजारो-लाखो माणसांमध्ये ते प्रत्यक्ष काय करतं, कुणाला गुण येतो, कुणाला अपाय होतो, किती जण ते अर्ध्यावर सोडतात, याचा हिशेब हे शास्त्र मांडतं. 'याच्यामुळेच ते झालं का' हे तपासण्याच्या ज्या पद्धती गेल्या चार-पाच दशकांत घडत गेल्या, त्यांना कॉजल इन्फरन्स म्हणतात. त्या या शास्त्राचा कणा आहेत.

हा लेख शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या त्या मुलामुलींसाठी आहे, ज्या बारावी सायन्सला आहेत, बी.फार्म., नर्सिंग, बीएएमएस करत आहेत, किंवा स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. करत आहेत. मेडिकलला नंबर लागला नाही की मेडिकल स्टोअर नाहीतर एमआरची नोकरी, एवढंच उरतं असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. तो सोडा. संशोधनाचं हे क्षेत्र तुमच्यासाठी उघडं आहे, आणि माझं ठाम मत आहे की त्यासाठी लागणारी एक दुर्मीळ गोष्ट तुमच्याकडे आधीपासून आहे. ती कोणती, ते पुढे सांगतो.

आधी हे शास्त्र लागतंच कशाला, ते पाहू. कोणतंही नवं औषध विक्रीला येण्याआधी काही शे ते काही हजार माणसांवर तपासलं जातं. या चाचण्यांमध्ये गरोदर बाया, खूप म्हातारी माणसं, कुपोषित माणसं, रोज दारू पिणारे, एकाच वेळी तीन आजारांच्या गोळ्या खाणारे सहसा घेतले जात नाहीत. मग औषध बाजारात येतं आणि नेमकी हीच माणसं ते घेतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस युरोपात थॅलिडोमाइड नावाचं औषध गरोदरपणातल्या मळमळीवर सर्रास दिलं जाई. 1961 मध्ये जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते घेतलेल्या बायांना हातापायांत व्यंग असलेली बाळं होत आहेत. औषध मागे घेईपर्यंत जगभरात सुमारे 10 हजार मुलं बाधित झाली होती. बाजारात आलेल्या औषधावर नजर ठेवण्याच्या यंत्रणा त्यानंतर देशोदेशी उभ्या राहिल्या.

भारतात 2010 मध्ये औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 2011 पासून त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. त्याचा 1800-180-3024 हा टोल-फ्री नंबर कुणालाही वापरता येतो, आणि सामान्य रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. या नोंदी म्हणजे धोक्याची पहिली खूण. पण नुसत्या नोंदी मोजून भागत नाही. एखाद्या गोळीने 50 जणांना कावीळ झाल्याचं कळलं, तरी ती गोळी 500 जणांनी खाल्ली होती की 5 लाख जणांनी, हे त्यात लिहिलेलं नसतं. शिवाय गोळी न खाणाऱ्यांतही कावीळ होतेच. तुलना करायला दुसरा गट हवा, आणि तो तसाच हवा. इथून पुढचं काम फार्माकोएपिडेमिऑलॉजीचं.

नोंदीमागचं गाव

आता तुमच्याकडच्या त्या दुर्मीळ गोष्टीबद्दल. मोठ्या संस्थांमध्ये गणिती पद्धती येणारे पुष्कळ असतात. समोरच्या फाइलमधला आकडा गावात कसा तयार झाला, हे माहीत असलेले मात्र फार थोडे.

गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची रोज एक, अशा 180 गोळ्या द्यायच्या असतात. रजिस्टरमध्ये 180 लिहिलेलं असतं. मुंबईत बसलेला संशोधक वाचतो, हिने 180 गोळ्या खाल्ल्या. तुम्हाला ठाऊक आहे की त्या वाटल्या गेल्या. मळमळ होते, शौचाला काळं होतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल असं सासू म्हणते, म्हणून त्यातल्या कितीतरी गोळ्या डब्यातच राहतात. आशाताई खोटं लिहीत नाही. रजिस्टरमध्ये रकानाच वाटपाचा आहे. 'या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही' असा निष्कर्ष निघाला, तर तो गोळीबद्दलचा नसून त्या रकान्याबद्दलचा असू शकतो, हे पहिल्यांदा तुमच्या लक्षात येईल.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाई सासरी मुरबाडला नोंदलेली, बाळंत झाली जुन्नरला, लसीकरणाचं कार्ड तिसरीकडे. लग्नाआधीचं नाव वेगळं, नंतरचं वेगळं, आणि सुनीताचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं. एकाच वाडीत त्याच नावा-आडनावाच्या तीन-चार बायाही निघतात. दोन याद्या जुळवून एका माणसाची सलग गोष्ट तयार करणं, हे या संशोधनातलं अर्धं काम आहे. कसाऱ्याकडचा माणूस इगतपुरी-नाशिकला जातो, वासिंदचा कल्याणला, टोकावड्याचा उल्हासनगरला. एकाच रुग्णालयाच्या नोंदी पाहणाऱ्याला हे सगळे रुग्ण अचानक नाहीसे झालेले दिसतात.

त्याहून मोठी गळती स्थलांतराची. भात झोडून झालं, दिवाळी उरकली की कातकरी वाड्यांमधली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आता साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. तो ऑक्टोबरात सुरू झालेला माणूस डिसेंबरात भिवंडीजवळच्या भट्टीवर असतो. फाइलमध्ये त्याच्यापुढे 'संपर्क तुटला' असा शेरा पडतो. अशा सगळ्यांना वगळून, उरलेल्यांवरून औषध किती लागू पडलं ते मोजलं, तर उत्तर घरी राहू शकणाऱ्यांपुरतं असतं, आणि घरी राहू शकणाऱ्यांची परिस्थिती मुळातच बरी असते. यावर कॉजल इन्फरन्समध्ये एक उपाय आहे. जे निघून गेले त्यांच्यासारखेच, तेवढेच गरीब, तेवढेच भूमिहीन, पण काही कारणाने गावात राहिलेले जे थोडे जण असतात, त्यांना हिशेबात जास्त वजन द्यायचं, म्हणजे ते गेलेल्यांची जागा भरून काढतात. गणित संगणक करतो. पण 'त्यांच्यासारखे' म्हणजे कोणते, कोणत्या गोष्टी विचारायच्या, हे वाडी माहीत असलेल्या माणसालाच सुचतं.

आणखी एक उदाहरण देतो, कारण यात शिकलेसवरलेलेही फसतात. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, पालघर आणि वसई हे आठ तालुके तिकडे गेले. मागे सात राहिले, त्यांत शहापूर आणि मुरबाड. 2014 च्या आधीचे आणि नंतरचे 'ठाणे जिल्ह्याचे' आकडे एका रेषेत मांडून कुणी म्हणालं की अमुक योजनेनंतर जिल्ह्यातलं कुपोषण घटलं, तर आधी विचारा: जिल्हा तोच आहे का?

एक प्रश्न, नीट मांडलेला

या शास्त्रात अलीकडे सगळ्यात उपयोगी ठरलेली शिस्त अशी. हार्वर्डचे मिगेल एर्नान आणि जेम्स रॉबिन्स यांनी ती 2016 मध्ये एका लेखात नेटकी मांडली. जुन्या नोंदींवरून काही शोधायचं असेल, तर आधी कागदावर एक आदर्श चाचणी लिहून काढा. खरी चाचणी करता आली असती तर ती कशी केली असती, ते लिहा. मग आपल्याकडच्या नोंदी त्या चाचणीच्या किती जवळ जातात, ते तपासा.

करून पाहू. प्रश्न असा: डोळखांबसारख्या आतल्या केंद्रात विषबाधेची लक्षणं दिसणारा सर्पदंशाचा रुग्ण आला, तर तिथेच एएसव्ही सुरू करून शहापूरला पाठवावं की लगेच गाडीत घालून पाठवावं? कशाने जास्त जण वाचतील?

चाचणीत घ्यायचं कुणाला? केंद्रात जिवंत पोहोचलेले, लक्षणं दिसणारे सगळे. तुलना कशाची? पाठवण्याआधी एएसव्ही सुरू केलेले आणि न केलेले. घड्याळ कधी सुरू करायचं? रुग्ण केंद्राच्या दारात आला त्या क्षणी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल झाला तेव्हापासून मोजलं, तर वाटेत दगावलेले हिशेबातून गळतील. समजा, इंजेक्शन न देता पाठवलेल्यांतले जास्त जण वाटेतच गेले. शहापूरच्या रजिस्टरमध्ये त्या गटातले फक्त दणकट लोक उरतील आणि इंजेक्शन न दिलेलंच बरं, असं उलटं चित्र दिसेल. शेवट कशावर मोजायचा? सात दिवसांत जिवंत आहे का, यावर, आणि ते घरी जाऊन विचारावं लागेल.

आता दोन गटांत आधीपासूनचे फरक कोणते? चावून किती वेळ झाला. साप कोणता. आधी भगताकडे नेलं होतं का. रात्र होती की दिवस, कारण रात्री डॉक्टर हजर असण्यावर इंजेक्शन मिळणं अवलंबून. 108 ची गाडी किती वेळात आली. रुग्णाची पापणी जड झाली होती का, रक्त साकळायला वेळ लागत होता का. यातल्या ज्या गोष्टी इंजेक्शन मिळण्यावरही परिणाम करतात आणि जगण्यावरही, त्या सगळ्या हिशेबात घ्याव्या लागतात. ही यादी बाणांनी जोडून चित्र काढायची पद्धत आहे. काय कशामुळे घडतं, त्याचा बाण तिकडे. मी तर सांगेन की पहिलं वर्ष संगणकाला हात न लावता अशी चित्रंच काढा. चित्र चुकलं तर पुढचं गणित कितीही भारी असो, उत्तर चुकणारच.

घड्याळाची चूक फार पसरलेली आहे. 'क्षयाचं औषध पूर्ण सहा महिने घेतलेल्यांत पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू नाहीत' हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण सहा महिने औषध घ्यायला सहा महिने जगावं लागतं. जो दुसऱ्या महिन्यात गेला तो या गटात येऊच शकत नव्हता. क्षयाची औषधं गुणकारी आहेत यात शंका नाही, पण हे वाक्य त्याचा पुरावा नाही. कॅनडातले सॅमी सुइसा यांनी मोठमोठ्या नियतकालिकांत छापून आलेल्या औषध-अभ्यासांतून हीच चूक वर्षानुवर्षं उकरून दाखवली आहे.

आणि नोंदींवरून नाहीच ठरलं, तर खरी चाचणी करावी लागते. 2020 मध्ये कोरोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा किती बोलबाला झाला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण वाटून दिले गेले. 28 दिवसांत ही गोळी मिळालेल्या 1561 पैकी 27 टक्के आणि न मिळालेल्या 3155 पैकी 25 टक्के दगावले. फायदा नव्हता. त्याच चाचणीने डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध प्राणवायूवर असलेल्या रुग्णांना वाचवतं हेही दाखवलं. प्रतिसर्पविषाचंही असंच. त्याची जोरदार ॲलर्जी येऊ शकते, म्हणून आधी काय टोचावं यावर मतं अनेक होती. श्रीलंकेत 1007 रुग्णांवर चाचणी झाली आणि 2011 मध्ये निकाल आला: आधी दिलेल्या थोड्याशा ॲड्रेनॅलिनने पहिल्या तासातल्या गंभीर ॲलर्जीचं प्रमाण 43 टक्क्यांनी घटलं, हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रोमेथाझिनने घटलं नाही.

महाड आणि गडचिरोली

हे सगळं फक्त परदेशात होतं असं कुणी म्हणालं तर त्याला महाडला पाठवा. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू तेव्हा माणसं मारत होता, लहान मुलं जास्त. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात भरणारं पाणी हे तासातासाला टिपलं आणि 1982 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. विषामुळे शरीरात जी रसायनं उसळतात त्यांना अडवणारं औषध म्हणून त्यांनी प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरायला सुरुवात केली. त्यांच्या लेखांतल्या आकड्यांनुसार मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं.

या आकड्याकडे आपल्या शास्त्राच्या नजरेने बघा. आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांची ही तुलना आहे. दरम्यान रस्ते सुधारले असतील. औषध आहे हे कळल्यावर लोक लवकर येऊ लागले असतील, सौम्य दंशाचेही येऊ लागले असतील, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा फुगला असेल. घट मात्र इतकी मोठी आहे, आणि औषध काम कसं करतं हे इतकं स्पष्ट आहे, की सगळं श्रेय या कारणांना देता येत नाही. माझ्या मते प्रॅझोसिनने माणसं वाचवली, यात वाद नाही. पण नेमकी किती, हे त्या तुलनेवरून सांगता येत नाही. बावस्करांचा मोठेपणा असा की पुढचा प्रश्न त्यांनी चाचणीनेच सोडवला. प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर फायदा होतो का? महाडमध्येच 70 रुग्ण, 35-35 चे दोन गट. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल आला: दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसतं प्रॅझोसिन मिळालेल्यांपैकी 8. मुंबईचं कुठलंही मोठं रुग्णालय नाही, कोकणातलं तालुक्याचं गाव. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरं उदाहरण गडचिरोलीतल्या 'सर्च'चं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच प्रशिक्षित बाईने बाळाला जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. 39 गावांत हे काम, तुलनेला 47 गावं. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. म्हणून 1993 ते 1995 अशी दोन वर्षं काही न करता आधी दोन्हीकडच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी नीट जमवल्या आणि मगच काम सुरू केलं. नुसतं 'नंतर' मोजून नव्हे, तर 'आधी'शी ताडून दोन्हीकडचा फरक पाहिला. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेतल्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी बाळाला पाहायला येते, त्या सरकारी कार्यक्रमाचं मूळ यात आहे.

जवळचंही सांगतो. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूला आहे, म्हणजे 2014 च्या आधीच्या आपल्याच जिल्ह्यात. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या सर्पदंशाच्या जुन्या केसपेपरांवरून केलेला अभ्यास 2019 मध्ये छापून आला. पुण्याजवळ वढू परिसरातल्या 22 गावांत केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र 2002 पासून घरोघरच्या नोंदी ठेवत आहे. अशा ठिकाणी एकदा जाऊन यायला काही हरकत नाही.

शिक्षण, नोकरी, पैसा

बारावीला बायोलॉजी घेतलंत तरी गणित सोडू नका. माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच. पुढच्या वाटा पुष्कळ: चार वर्षांचं बी.फार्म., 2008 पासून भारतात सुरू झालेलं सहा वर्षांचं फार्म.डी., एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग किंवा बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. कुठलीही पदवी चालते, पण पुढे एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्सचं पक्कं शिक्षण घ्यावंच लागतं. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी (एम.पी.एच.) आहे. तिथेच जवळ आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स आहे. आसनगावहून लोकलने कुर्ला आणि तिथून हार्बरने गोवंडी. मुरबाडकरांना कल्याणपर्यंत एसटी. बाहेर जायची तयारी असेल तर चेन्नईची आयसीएमआर-एनआयई, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, आणि फार्मसीवाल्यांसाठी मोहालीची नायपर.

प्रवेशाची वाट न पाहता घरी सुरू करता येतं. आर नावाचं सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. एर्नान आणि रॉबिन्स यांचं 'व्हॉट इफ' हे पुस्तक लेखकांनीच इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे. त्याच्या पहिल्या भागाला शाळेतल्या गणितापलीकडे फारसं काही लागत नाही. एनआयईचा आरोग्य संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे. इंग्रजी अडतं, हे खरं आहे. त्यावर मला माहीत असलेला इलाज एकच: आठवड्याला एक शोधनिबंध घ्यायचा आणि तो मराठीत पाच वाक्यांत वहीत लिहायचा. कुणाची कुणाशी तुलना केली, घड्याळ कधी सुरू केलं, कोण गळलं, आणि तुमचा विश्वास बसला का.

पहिली नोकरी बहुधा प्रकल्पावरची असेल. आयसीएमआरच्या संस्थांमध्ये प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट आणि प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट अशी पदं निघतात, थेट मुलाखती होतात. मेडिकल कॉलेजांतल्या दुष्परिणाम-नोंद केंद्रांत असोसिएट लागतात. औषध कंपन्यांच्या सुरक्षा विभागांत आणि त्यांना संशोधन करून देणाऱ्या कंपन्यांत, मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूरुला, पगार चांगला असतो. पण एक गोष्ट आधी विचारा: निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला तर तो छापता येईल का? सरकारी प्रकल्पाची नोकरी कंत्राटी असते, मुदत संपली की पुन्हा शोध. घरची परिस्थिती बेताची असेल तर हे लक्षात घेऊन पाऊल टाका. एम.पी.एच. करून दोन-तीन वर्षं काम आणि मग पीएच.डी., ही वाट मला जास्त सुरक्षित वाटते.

पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहेत. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी. आगरी आणि कुणबी मुलांनी यांच्या जाहिराती पाहत राहाव्यात. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे आणि परदेशी शिक्षणासाठीही शिष्यवृत्ती आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली मुलांना चौकशीसाठी मुंबई गाठायला नको, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय शहापुरातच आहे. जात वैधता प्रमाणपत्र बारावीतच काढून ठेवा. अर्जाची तारीख जवळ आल्यावर ते मिळत नाही.

एक गोष्ट मात्र शिकण्याच्या पहिल्या दिवसापासून पाळायची. नोंद माणसाची असते आणि ती त्याच्या संमतीशिवाय आपली होत नाही. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर 2010 मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, हे पुढे आलं, आणि संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष असूनही लोकांचा विश्वास गेला. आश्रमशाळा आपल्या तालुक्यांतही आहेत. उद्या तुम्ही फॉर्म घेऊन तिथे जाल, तेव्हा आईबापांना त्यांच्या बोलीत समजावून, 'नाही' म्हणायची मोकळीक देऊन मगच अंगठा किंवा सही घ्या. अभ्यासाला महिना उशीर झाला तरी चालेल.

सुरुवात याच महिन्यात करता येईल. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, औषध निर्माण अधिकाऱ्यांना भेटा आणि गेल्या वर्षभरात औषधाच्या दुष्परिणामाचे किती फॉर्म इथून गेले ते विचारा. एकही गेला नसेल, तर पहिला फॉर्म भरायला त्यांना मदत करा.